जलढेकूण : तळ्यातील शिकारी कीटक

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गावतळी आणि पाझर तलाव पावसाळ्यात भरले, की काठच्या पाणवनस्पतींत एक चपटा, तपकिरी कीटक आढळतो. ढेकणाच्या गणातील हा जलढेकूण सुमारे दीड सेंटिमीटर लांबीचा असून शास्त्रात त्याला डिप्लोनिकस असे नाव आहे.

संथ व उथळ पाणी हे त्याचे वसतिस्थान होय. वनस्पतीला धरून, डोके खाली ठेवून तो दबा धरतो. शरीराच्या मागील टोकाने तो पृष्ठभागावरील हवा घेतो. भक्ष्य टप्प्यात येताच ते पुढच्या पायांत पकडून सोंडेने त्यात पाचक लाळ सोडतो व विरघळलेला भाग शोषून घेतो. डासांच्या अळ्या, गोगलगायी आणि माशांची पिल्ले हे त्याचे खाद्य आहे.

त्याचे अपत्यसंगोपनही विलक्षण आहे. मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते. ती फुटेपर्यंत नर त्यांचा भार वाहतो आणि वरचेवर पृष्ठभागाशी येऊन त्यांना हवा मिळवून देतो.

मत्स्यसंवर्धकांना मात्र हा कीटक उपद्रवी ठरतो. रोहू, कटला व मृगळ यांचे मत्स्यजिरे सोडलेल्या संगोपन तळ्यात तो आणि इतर जलकीटक मोठी हानी करतात. यासाठी हेक्टरी 56 किलो तेल व 18 किलो साबण यांचे मिश्रण, वारा नसताना, मत्स्यजिरे सोडण्यापूर्वी 12 ते 24 तास पाण्यावर पसरण्याची शिफारस आहे. तवंगामुळे हवा न मिळून कीटक गुदमरतात.

हा उपाय संगोपन तळ्यापुरताच मर्यादित ठेवावा. गावतळ्यात कीटकनाशक टाकल्यास डासांच्या अळ्यांबरोबर त्यांचे शिकारीही मरतात. डास पुन्हा लवकर वाढतात, शिकाऱ्यांची संख्या भरून येण्यास वेळ लागतो.

अर्थात, घरातील पिंप व हौद येथे जलढेकणाचा उपयोग नाही आणि डेंग्यूचा डास तेथेच वाढतो. 2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईच्या प्रदेशात घरोघरी पाणी साठविले जाणे अपरिहार्य आहे. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणे व भांडी झाकून ठेवणे आवश्यकच आहे.

शिक्षकांना काचेच्या बरणीत हा कीटक विद्यार्थ्यांना दाखविता येईल. त्याचा दंश वेदनादायक असल्याने तो हाताने न धरता जाळीने पकडावा. तळ्यात औषध टाकण्याचा ठराव करण्यापूर्वी त्या पाण्यात कोण राहते, हे पंचायतीने एकदा पाहून घेणे हिताचे ठरेल.