गाडीची उंची कोणी मोजायची?

मालमोटारीच्या चालकाला गाडीचे वजन विचारा. तो टनाच्या हिशेबात चटकन सांगेल. तीच गाडी किती उंच आहे असे विचारा. तो हात वर करून "एवढी" म्हणेल. यात त्याचा अडाणीपणा नाही. वजनावर भाडे ठरते, म्हणून वजनाचे काटे उभे राहिले आणि वजनाचा आकडा बिल्टीवर चढला. उंचीवर कोणाचेही भाडे ठरत नाही. बिल्टीवर उंचीचा रकाना मी तरी आजवर पाहिलेला नाही. परंतु गाडी पुलाखाली अडकली, की नुकसानीचे पैसे चालकाच्या पगारातून कापण्याची गोष्ट निघते. मोटारधंद्यातील कामगारांत वावरताना या किरकोळ वाटणाऱ्या आकड्याचा मला पुष्कळ विचार करावा लागला. तोच आज आपणांपुढे मांडतो.

प्रथम उंची मोजायची कशी ते पाहू. गवंड्याजवळ असते तेवढे सामान पुरते: एक लांब सरळ पट्टी, पाणसळ, ओळंबा आणि मोजफीत. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, चाकांत हवा पुरी असावी. मग मालाचा सर्वांत उंच भाग शोधून त्यावर पट्टी आडवी ठेवावी, तिचे टोक गाडीच्या बाजूबाहेर काढावे, पाणसळीने ती समपातळीत आणावी आणि टोकापासून ओळंबा सोडून जमिनीपर्यंतचे अंतर फितीने घ्यावे. पुढे एकदा आणि मागे एकदा, असे दोन्हीकडे मोजावे, कारण ट्रेलर पुष्कळदा एका अंगास चढता असतो. दोन माणसांचे हे दहा मिनिटांचे काम आहे. मात्र ते ताडपत्री घालून रस्से आवळल्यानंतर करायचे, आधी नव्हे. कडबा, कापूस, भुसा असला माल भरतेवेळी एक उंची दाखवतो आणि वाटेत रस्से सैल झाले म्हणजे दुसरी.

येथे एक गोष्ट सामान्य माणसाला उलटी वाटते. भरलेली गाडी रिकामीपेक्षा ठेंगणी असते. भाराने कमानपाटे दबतात, टायर थोडे बसतात आणि गाडीचा सांगाडा काही बोटे खाली येतो. बंद पेटीसारखी बांधणी असलेली गाडी सकाळी माल घेऊन ज्या पुलाखालून सुखरूप गेली, त्याच पुलाला ती संध्याकाळी रिकामी परतताना छत घासते. मालक म्हणतो, "सकाळी गेलास ना? मग आताच कसा अडकलास?" चालकाजवळ त्याला उत्तर नसते, कारण पाट्यांचा हा हिशेब त्याला कोणी सांगितलेला नसतो. अडकलेल्या गाडीच्या चाकांतली हवा सोडण्याचा उपाय सर्वांना ठाऊक आहे. तो याच हिशेबातला आहे आणि त्याने मिळते तेही दोनचार बोटेच.

कंटेनरच्या बाबतीत तर हा घोटाळा फुटाचा होतो. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून या लोखंडी पेट्या आपल्या रस्त्यांवर नित्याच्या झाल्या. साधी पेटी साडेआठ फूट, म्हणजे २.५९ मीटर उंच. उंच जातीची साडेनऊ फूट, म्हणजे २.९० मीटर. ट्रेलरचा पाट जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर धरला, तर एकूण उंची पहिलीची ४.०९ आणि दुसरीची ४.४० मीटर होते. ट्रेलर तोच, चालक तोच, रस्ताही तोच. आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोन्ही पेट्या सारख्याच दिसतात. ओळखण्याच्या खुणा आहेत. उंच पेटीच्या वरच्या कडांना पिवळेकाळे पट्टे असतात आणि अंगावर उंचीचा आकडा असतो. शिवाय पेटीच्या दारावर चार अक्षरी-अंकी खूण रोमन लिपीत रंगवलेली असते. ती '४२जी१' असेल तर चाळीस फुटी साधी पेटी, '४५जी१' असेल तर चाळीस फुटी उंच पेटी. दुसरा अंक उंचीचा आहे. दोन वाजून गेल्यावर रांगेत उभ्या असलेल्या, धड झोप न झालेल्या माणसाला त्या दोन आणि पाचमधला फरक कोणीतरी आधी शिकवून ठेवलेला बरा.

गाडीची उंची झाली. आता पुलाची. पुलावर लाल वर्तुळात जो आकडा असतो तो रस्ता तयार झाला त्या दिवशीचा असू शकतो. पुढे डांबराचे थर चढत जातात. प्रत्येक थराला दोन बोटे धरली तरी तीन थरांत सहा बोटे गेली. फलक मात्र तोच राहतो. कमानीच्या पुलाखाली मधोमध जी उंची असते ती कडेला नसते, आणि समोरून गाडी आली की चालकाला कडेलाच जावे लागते. त्यातून रस्ता कडेला उतरता असेल तर गाडीचा माथा कमानीकडे झुकतो.

रेल्वेखालचे रस्ते पुष्कळ ठिकाणी उंची मिळावी म्हणून खोदून खाली नेलेले असतात. (पावसाळ्यात पाणी प्रथम तेथेच तुंबते, ते याच कारणाने.) अशा खोलगट रस्त्यावर लांब ट्रेलर आला की आणखी एक कोडे उभे राहते. घरी परातीवर एक पट्टी आडवी ठेवून पाहा. तिची टोके काठांवर टेकतात, मधला भाग परातीच्या तळापासून वर राहतो. ट्रेलरची पुढची चाके पलीकडच्या चढावर आणि मागची अलीकडच्या उतारावर असली, की ट्रेलरचा मधला भाग रस्त्यापासून तसाच उचललेला राहतो. चाकांतले अंतर बारा मीटर आणि रस्त्याचा खोलगटपणा तीनशे मीटर त्रिज्येच्या वर्तुळाइतका असेल, तर हा उचल सहा सेंटिमीटर भरतो. आखूड टेम्पो जेथून गेला तेथून तेवढ्याच उंचीचा लांब ट्रेलर जाईलच, असे म्हणून म्हणता येत नाही. माझ्या मते गाडी आणि पूल यांत निदान एक वीत अंतर हवेच. वीतभर जागा नसेल तर तो रस्ता आपला नव्हे असे समजावे.

मुंबईत किंग्ज सर्कलच्या रेल्वेपुलापाशी अडकलेल्या ट्रकांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत पुनःपुन्हा येतात. आपण ती पाहतो आणि हसतो. म्हणून जरा लांबचे उदाहरण देतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम गावी ग्रेगसन रस्त्यावर असाच एक रेल्वेपूल आहे. त्याखाली मोकळी जागा ११ फूट ८ इंच होती, म्हणजे ३.५६ मीटर. २००८ सालापासून तेथील एका रहिवाशाने कॅमेरा लावून ठेवला, आणि गाड्यांची छते डब्याच्या झाकणासारखी सोलली जाताना साऱ्या जगाने पाहिली. त्यांत भाड्याने घेतलेले सामानाचे ट्रक फार. सुटीत मोटारीमागे ओढून नेण्याच्या चाकांवरच्या खोल्याही त्यात सापडल्या. अशी खोली घेणाऱ्याजवळ छापील माहितीपत्रक असते; परंतु छतावर नंतर बसवलेले थंड हवेचे यंत्र त्या पत्रकाला ठाऊक नसते. रस्ता खोदून खाली न्यावा तर खालून सांडपाण्याची मोठी वाहिनी गेलेली. २०१६ साली उंच गाडी ओळखून लाल दिवा लावणारी यंत्रणा बसवली. तरी धडका चालूच राहिल्या. अखेर २०१९ साली पूल आठ इंच उचलून फलकावर १२ फूट ४ इंच लिहिले गेले. त्यानंतरही गाड्या आदळल्याच.

या पुलाच्या गोष्टीत मला एक तपशील विशेष बोलका वाटला. पुलाच्या अलीकडे रेल्वेने एक जाड पोलादी तुळई उभारली आहे. गाड्या पुलाला न आदळता तिला आदळतात. तिने लोहमार्ग वाचतो. गाडी आणि गाडीतला माणूस यांच्यासाठी ती नाही. रेल्वेने आपला मार्ग सांभाळावा हे योग्यच आहे, त्यावरून रोज माणसे जातात. परंतु रस्त्यावरच्या माणसाला सांभाळणारी व्यवस्था तेवढ्याच जाडीची असावी की नाही? सूचनेचा फलक पुलावर लावून भागत नाही. चाळीस फुटी ट्रेलर गर्दीच्या रस्त्यावर मागे फिरत नाही. सूचना हवी ती शेवटच्या वळणाच्या आधी, जेथून दुसरीकडे जाता येईल तेथे.

विजेच्या रेल्वेच्या फाटकापाशी प्रश्न छताचा न राहता जिवाचा होतो. वरच्या तारेत २५ हजार व्होल्टची वीज असते आणि तिला स्पर्श करावा लागत नाही; जवळ गेले तरी ठिणगी उडी घेते. म्हणून फाटकाच्या दोन्ही बाजूंस ४.६७ मीटर उंचीच्या आडव्या चौकटी असतात. आता चार मीटर भरलेल्या गाडीवर मालाच्या माथ्यावर एक हमाल बसलेला आहे असे धरा. बसलेल्या माणसाची उंची पाऊण मीटरहून जास्तच भरते. बेरीज आपणच करा. मालावर माणूस बसवणे नियमाविरुद्ध आहे हे खरे. पण त्याला वर कोण बसवतो, आणि परतीच्या जागेसाठी वेगळे पैसे का देत नाही, हेही विचारले पाहिजे.

कायदा याबाबतीत समजतो त्याहून शहाणा आहे. १९८९च्या केंद्रीय नियमांनी साध्या मालमोटारीस ३.८ मीटर आणि दुमजली गाडीस ४.७५ मीटर अशा मर्यादा घातल्या. २०२० साली मापांत फेरफार झाले. मोटारवाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९४मध्ये भर पडली. त्यानुसार मर्यादेबाहेर उंच माल भरून गाडी चालवणाऱ्यास वीस हजार रुपये दंड आहे, वर जादा माल उतरवण्याचा खर्च. हे कलम चालवणाऱ्यापाशी थांबत नाही. जो तशी गाडी चालवायला लावतो किंवा चालवू देतो, त्यालाही ते लागू आहे. आमच्या कित्येक चालकांना कलमाचा पहिला अर्धा भागच ऐकवला जातो.

एका वाहतूकदारापुढे आम्ही मागणी ठेवली, की माल भरल्यावर उंची मोजून चालकाला चिठ्ठी द्यावी. ते म्हणाले, "चालकाला डोळे नाहीत काय?" डोळे आहेत, परंतु ते केबिनमध्ये आहेत. समोरचा पूल त्याला दिसतो, स्वतःच्या पाठीमागच्या पेटीचा माथा दिसत नाही. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. तेवढ्यात त्याने न दिसणाऱ्या उंचीची फलकावरच्या आकड्याशी तुलना करायची.

आमची मागणी अजून तीच आहे. जो माल भरवून घेतो त्याने दरवाजाबाहेर गाडी सोडण्यापूर्वी उंची मोजावी, बिल्टीवर लिहावी, मोजणाऱ्याने खाली सही करावी. तोच आकडा मीटरमध्ये आणि फुटांत काचेच्या आतल्या बाजूस चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवावा. भरल्या गाडीचा वेगळा आणि रिकाम्या गाडीचा वेगळा.