खुबा बदलायला जाताना परतीचाही विचार हवा

गुडघा किंवा खुबा बदलून घेण्यासाठी परदेशातून रुग्ण भारतात येतात. अमेरिकेतला खर्च त्यांना परवडत नाही आणि ब्रिटनच्या सरकारी सेवेत उपचार मोफत असले, तरी वाट फार पाहावी लागते. गोंदिया जिल्ह्यातला रुग्ण याच कामासाठी नागपूर गाठतो. प्रवास छोटा, पण हिशेब तोच.

खर्चाच्या बाबतीत मोठा दिलासा मिळाला तो ऑगस्ट २०१७ मध्ये. कोबाल्ट-क्रोमियमच्या कृत्रिम गुडघ्याची सरासरी किंमत तेव्हा सुमारे १ लाख ५८ हजार रुपये होती. केंद्राने जीएसटी वगळून ती ५४,७२० रुपयांवर आणली. तो आदेश मात्र गुडघ्यापुरता होता. खुबा त्यातून सुटला आणि गोंदियाला नेमका तोच प्रश्न जास्त छळतो.

कारण सिकलसेल. या आजारात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड मरते आणि खचते. एरवी साठीत होणारी शस्त्रक्रिया मग पंचविशी-तिशीतच करावी लागते. कृत्रिम सांधा साधारण पंधरा-वीस वर्षे, अनेकदा त्याहून अधिक टिकतो. तरुणाला तो पुढे पुन्हा बदलावा लागू शकतो.

अशा रुग्णाने नुसते पॅकेज विचारून भागत नाही. शस्त्रक्रियेत शरीर थंड पडले, पाणी किंवा प्राणवायू कमी पडला, तर सिकलसेलचा झटका येऊ शकतो. जुळणारे रक्त हाताशी आहे का आणि सिकलसेलच्या रुग्णांचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ आहे का, हे आधी विचारावे. महात्मा फुले योजनेत कोणत्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होते, ते आरोग्यमित्र सांगतो.

परतीचा प्रवास बहुतेक जण विसरतात. नागपूर ते गोंदिया रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. देवरीकडे जायचे तर पुढे पुन्हा बस. बराच वेळ पाय लोंबकळत बसल्यास पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गुठळी रोखणारे औषध नेमून दिलेले दिवस पूर्ण घ्यावे, वाटेत घोटे हलवत राहावे. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून स्राव आला, तर लगेच डॉक्टर गाठावा. अचानक धाप लागली, तर १०८ ला फोन करावा.

घरी कमोडची खुर्ची आणि उंच खाट आधीच आणून ठेवावी. नव्या खुब्याने पहिले काही आठवडे उकिडवे बसणे बंद. रोवणीच्या तोंडावर शस्त्रक्रियेची तारीख घेणाऱ्यांना हे कुणी सांगतच नाही. टाके काढायला आणि व्यायाम शिकायला पुन्हा नागपूर की गोंदियाच्या सरकारी रुग्णालयात, हे सुट्टी होण्यापूर्वीच ठरवून कार्डावर लिहून घ्यावे.