राग आला की आधी श्वास, मग शब्द

पाणी, पैसा, दारू, पोरांचा अभ्यास. दहा बाय दहाच्या खोलीत भांडणाला एवढी कारणे पुरतात. राग आला की छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, रात्री झोप लागत नाही. हे रोजचेच झाले तर बीपीच्या माणसाचा त्रास वाढतो आणि लहान मुले धास्तावून राहतात. म्हणून घरातले बोलणे हा आरोग्याचाही विषय आहे.

व्हिएतनामचे भिक्खू थिच न्हात हान्ह (१९२६-२०२२) यांनी आयुष्यभर हाच विषय शिकवला. युद्धकाळात त्यांनी तरुणांना सोबत घेऊन बॉम्बने उद्ध्वस्त झालेली गावे पुन्हा उभी केली. १९६६ मध्ये अमेरिकेत जाऊन त्यांनी युद्ध थांबवा असे सांगितले आणि त्यांची मायदेशाची वाट बंद झाली, ती २००५ पर्यंत. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ मध्ये त्यांचे नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवले. शांतपणे बोलणारा हा माणूस अन्यायापुढे गप्प बसणारा नव्हता.

१९८२ मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये 'प्लम व्हिलेज' हे साधना केंद्र सुरू केले. तिथे इस्रायली आणि पॅलेस्टिनी लोकही एकत्र येत. आधी श्वासाचे ध्यान होई. मग एक गट आपले दुःख सांगे आणि दुसरा मध्ये न बोलता ऐके. समोरच्याचे मन हलके व्हावे, एवढाच त्या ऐकण्याचा हेतू असे.

पंचशीलातील चौथे शील खोटे न बोलण्याचे. भन्तेंनी त्याला प्रेमाने बोलणे आणि मन लावून ऐकणे जोडले. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सम्यक वाचा समजावताना निंदा आणि शिवीगाळ टाळायला सांगितले आहे.

भन्तेंची पद्धत आपल्या घरात अशी वापरता येईल:

१. राग आला की लगेच उत्तर देऊ नका. दाराबाहेर थोडे चाला, श्वासाकडे लक्ष द्या.

२. राग पोटात साठवूही नका. २४ तासांच्या आत शांतपणे सांगा: 'मला राग आलाय, मला त्रास होतोय, मला तुमची मदत हवी.' बोलणे जमत नसेल तर चिठ्ठी लिहा.

३. आठवड्यातून एकदा, वंदनेनंतर, सगळे गोल बसा. मध्ये फुले ठेवा. ज्याच्या हातात फुले, त्यानेच बोलायचे. आधी दुसऱ्याचे चांगले सांगा, मग आपले काय चुकले ते, आणि शेवटी आपल्याला काय लागले ते.

४. ऐकताना 'तू पण तेच केलंस' असे म्हणू नका. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी करता येते.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ऐकून घेणे म्हणजे मार खाणे नव्हे. दारूच्या नशेतल्या माणसाशी ही बैठक करू नका. घरात मारहाण होत असेल तर आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्या, १८१ किंवा ११२ वर फोन करा. कायदा आपल्या बाजूने आहे.

मुलांना मैत्री आणि करुणा हे शब्द वंदनेत पाठ होतात. त्यांचा अर्थ मात्र ती आई-वडील एकमेकांशी कसे बोलतात त्यावरून शिकतात. येत्या रविवारी दहा मिनिटे बसून पाहा.