‘मला काहीच येत नाही!’

शाळेची वेळ झाली की पोटात दुखते, रविवारी मात्र दुखत नाही. ही तक्रार घेऊन दहा-अकरा वर्षांची मुले दवाखान्यात नेहमी येतात. असाच एक मुलगा मध्यंतरी आईबरोबर आला होता. वजन ठीक, तपासण्या ठीक, जंताचे औषधही देऊन झाले होते. आईला बाहेर बसवून त्याच्याशी गप्पा मारल्या, तेव्हा उलगडा झाला. चौथीपर्यंत तो वस्तीवरच्या शाळेत होता. तिथे घंटा वाजविण्याचा मान त्याचा. पाचवीला तालुक्याच्या मोठ्या शाळेत शेवटचा बाक मिळाला. त्याची बोली ऐकून मुले हसली, तेव्हापासून त्याने हात वर करणे सोडले. ‘मला काहीच येत नाही,’ असे तो खाली मान घालून म्हणाला.

अशी पोटदुखी म्हणजे सोंग नव्हे. मेंदू आणि आतडी यांचा मज्जातंतूंमार्फत जवळचा संबंध असतो. मनावर ताण आला की पोट खरोखरच दुखते. मात्र वजन घटणे, ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त किंवा झोपेतून जागे करणारी वेदना असेल, तर मनाचे कारण गृहीत न धरता आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

या वयात मनात काय घडते, हे समजून घेऊ. सहा वर्षांच्या मुलाला ‘तू कोण?’ असे विचारले तर तो ‘माझ्याकडे लाल सायकल आहे’ असे सांगतो. आठ-नऊ वर्षांनंतर मूल स्वतःची इतरांशी तुलना करू लागते. ‘मी गणितात कच्चा आहे, पण पोहण्यात पटाईत आहे,’ असे उत्तर येते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी 1950 साली मांडले की, सहा ते बारा या वयात मुलाला ‘मी काही तरी नीट करू शकतो’ हा विश्वास मिळावा लागतो. तो मिळाला नाही, तर न्यूनगंड घर करतो.

यावर उपाय म्हणून ऊठसूट ‘तू फार हुशार आहेस’ म्हणावे काय? नाही. अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 साली पाचवीच्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. काही मुलांच्या हुशारीची, तर काहींच्या मेहनतीची स्तुती केली. पुढे अवघड कोडी देताच हुशारीची स्तुती झालेली मुले लवकर खचली, आणि नंतर सोपी कोडी देऊनही त्यांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली. मेहनतीची स्तुती झालेली मुले मात्र सुधारली. म्हणून स्तुती नेमकी करावी. ‘शाबास’ एवढ्यावर न थांबता ‘गणित चुकले तरी तू दुसऱ्या रीतीने करून पाहिलेस, हे मला आवडले’ असे सांगावे.

घरी करण्यासारखी एक गोष्ट सांगतो. एका वहीत मुलाला तीन प्रश्नांची उत्तरे लिहू द्या. मला काय करायला आवडते? मी कोणाच्या उपयोगी पडतो? मी कोणाकोणाचा आहे? तिसऱ्या उत्तरात आजी-आजोबा, गाव, बोली, मित्र सगळे येऊ द्या. चुका काढू नका. आठवड्यातून एक खरे काम त्याच्यावर सोपवा: बाजाराचा हिशेब, धाकट्या बहिणीचा अभ्यास, झाडांना पाणी. ‘शेजारचा बघ कसा पहिला आला’ हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा. ‘ढ’, ‘बावळट’ ही नावेसुद्धा मुले आपली ओळख म्हणून स्वीकारतात.

आपण या वर्गातले आहोत, ही भावनाही तितकीच गरजेची. 1971 साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात गोरी, काळी व मेक्सिकन वंशाची मुले नव्यानेच एका वर्गात आली आणि तंटे वाढले. इलियट अ‍ॅरन्सन यांनी पाच-सहा मुलांचे गट पाडून धड्याचा एकेक भाग एकेकाला वाटून दिला. प्रत्येकाने आपला भाग इतरांना शिकवायचा. सर्वांना एकमेकांची गरज पडू लागली, तशी टिंगल कमी झाली आणि मुले एकमेकांना अधिक आवडू लागली. या पद्धतीला पैसा लागत नाही. आपल्या शिक्षकांनीही ती जरूर करून पाहावी.

मूल दोन-तीन आठवडे सतत उदास असेल, झोप व भूक बिघडली असेल किंवा शाळा टाळत असेल, तर सल्ला घ्यावा. मरणाची भाषा केली तर एक दिवसही थांबू नये. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे.

त्या मुलाला मी विचारले, ‘घरी काय काय करतोस?’ अडलेली शेळी कशी सोडवतात, पहिले दूध करडाला कसे पाजतात, हे त्याने आपल्या बोलीत दहा मिनिटे सांगितले. बाहेर बसलेली आई दारात येऊन ऐकत राहिली. पुढे वर्गशिक्षकांनी त्याला तेच सगळ्यांपुढे सांगायला लावले. पोटदुखी एकदम थांबली नाही, पण दोन-तीन महिन्यांत खूप कमी झाली. आणि आता वर्गात त्याचा हात वर जातो.