विश्लेषण : पुलावर डांबराचा थर वाढला, की पूल मजबूत होतो? सेंटीमीटरभर जाडीचा पॉलिमर थर काय करतो?

लातूरहून नांदेडकडे निघाले, की भातखेड्याजवळ मांजरा लागते. अहमदपूर, लोहा मागे टाकून नांदेड गाठले, की गोदावरी. मधले ओढे, नाले, कालवे यांवरचे लहानमोठे पूल मोजायला कुणाला वेळ नसतो. गाडी आदळली, तरच पूल लक्षात येतो. मग तक्रारी होतात, निविदा निघते आणि खड्डे पडलेल्या पुलावर डांबराचा काळाभोर नवा थर चढतो. ‘पूल दुरुस्त झाला’ असे सगळेच म्हणतात.

प्रत्यक्षात दुरुस्त होतो तो पुलावरचा रस्ता. पुलाचे काय झाले, हे स्लॅबच्या खाली जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील अतिवृष्टीत मराठवाड्यातले अनेक पूल पाण्याखाली गेले. ते पाणी सगळ्यांना दिसले. वरून झिरपून स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोहोचणारे पाणी मात्र कुणाला दिसत नाही आणि ते काम दर पावसाळ्यात चालू असते. ते रोखण्यासाठी जगात काही देशांत पुलाच्या स्लॅबवर पॉलिमर काँक्रीटचा अत्यंत पातळ थर दिला जातो. हा थर काय आहे आणि नांदेड-लातूरच्या उन्हात, उसाच्या वाहतुकीत तो कितपत उपयोगी ठरेल?

डांबर असताना पाणी आत जातेच कसे?

पुलावर गाड्यांची झीज सोसणाऱ्या थराला अभियंते ‘वेअरिंग कोट’ म्हणतात. आपल्याकडे तो बहुतेक वेळा डांबरी असतो, काही पुलांवर काँक्रीटचा. डांबरी थर कितीही दाबला तरी त्यात तीन ते पाच टक्के पोकळी राहते. ती मुद्दाम ठेवावी लागते, नाहीतर उन्हाळ्यात डांबर वर येऊन रस्ता घसरडा होतो. या पोकळीतून, तड्यांतून आणि कठड्यालगतच्या फटीतून पाणी खाली उतरते. खाली काँक्रीटचा स्लॅब असतो. पाणी तिथे अडकून बसते. वरचा रस्ता दोन तासांत वाळलेला दिसतो, पण थराखाली ओल अनेक दिवस राहते. (मॅस्टिक अस्फाल्ट हा प्रकार जवळजवळ पाणीबंद असतो, पण त्यालाही तडा गेला, की तो साध्या डांबराच्याच रांगेत येतो.)

त्यात पाणी निचऱ्याच्या नळ्या. कठड्याच्या कडेला ठरावीक अंतरावर त्या असतात. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेली काळी माती, उसाचे पाचट आणि वाळू यांनी त्या बुजतात. पुलाच्या कडेला गवत किंवा पिंपळाचे रोप उगवलेले दिसले, तर तिथे पाणी साचते हे नक्की. पुष्कळदा नळीचे तोंड नव्या डांबराखालीच गाडले जाते, ही तर आपल्याच हाताने केलेली करामत.

चांगले काँक्रीट क्षारधर्मी असते, त्याचा सामू १२ च्या वर असतो. अशा वातावरणात सळईवर एक अतिपातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये शिरतो, तसा सामू ९ च्या आसपास घसरतो आणि पापुद्रा निकामी होतो. मग पाणी आणि हवा पुरेशी असते. क्षार असतील तर ही वाट आणखी जवळची होते. मराठवाड्यात समुद्र नाही, बर्फ वितळवायला मीठही टाकावे लागत नाही. पण काँक्रीट कालवताना बोअरचे खारे पाणी वापरले गेले असेल, तर क्षार पहिल्या दिवसापासून आतच असतात. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार सळईच्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो. आतून दाब येतो, काँक्रीट फुटते, कपच्या निखळतात. पुलाखालून पाहिल्यास स्लॅबला पांढरे ओघळ दिसणे ही पाणी आरपार येत असल्याची खूण. तपकिरी डाग दिसले तर गंज सुरू झालेला आहे. नदीकाठी गुरे नेणाऱ्यांना या खुणा वरून जाणाऱ्यांच्या आधी दिसतात.

तीन ट्रक कायमचे उभे

वजनाचा हिशेब सोपा आहे, पण तो फारसा मांडला जात नाही. १०० मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद रस्त्याचा, म्हणजे दुपदरी पूल घेऊ. क्षेत्रफळ ७५० चौरस मीटर. त्यावर जुना थर न काढता ५० मिलिमीटर डांबर आणखी चढवले, तर चौरस मीटरला सुमारे ११५ किलो वजन वाढते. एकूण साधारण ८६ टन. केंद्र सरकारने २०१८ मध्ये वाढवलेल्या मर्यादेनुसार तीन आसांच्या दहाचाकी ट्रकचे भारासह कमाल वजन २८.५ टन असते. म्हणजे असे तीन भरलेले ट्रक पुलावर रात्रंदिवस, बारा महिने उभे केल्यासारखे आहे. वजन सगळ्या गाळ्यांवर विभागले जाते, त्यामुळे एकट्या थराने पूल लगेच खचत नाही. पण पुलाची एकूण ताकद ठरलेली असते. डांबराने त्यातला जो वाटा खाल्ला, तो वाहनांसाठी उरत नाही.

दुसऱ्या बाजूला पॉलिमरचा थर. त्याच ७५० चौरस मीटरवर त्याचे वजन १२ ते १५ टनांच्या घरात भरते. शिवाय तो इतका पातळ असतो, की एक्स्पान्शन जॉइंट उचलावे लागत नाहीत आणि निचऱ्याच्या नळ्यांची तोंडे बुजत नाहीत. वजन आणि पाणी या दोन्ही बाजूंनी हा थर सरस ठरतो तो इथे.

हा थर नेमका कसा टाकतात?

घरातला गळका पाइप बुजवताना एम-सीलच्या दोन रंगांच्या कांड्या एकत्र मळल्या जातात. एक रेझिन, दुसरा ते घट्ट करणारा भाग. पुलावर वापरतात ते इपॉक्सी त्याच कुळातले, फक्त पातळ आणि बरेच लवचीक. इपॉक्सीऐवजी पॉलिएस्टर किंवा मिथाइल मेथाक्रिलेट ही रसायनेही वापरली जातात. या काँक्रीटमध्ये सिमेंट आणि पाणी नसते. खडीला धरून ठेवण्याचे काम रेझिन करते.

सर्वात प्रचलित पद्धत दोन हातांची आहे. स्वच्छ केलेल्या स्लॅबवर चौरस मीटरला साधारण एक लिटर इपॉक्सी पसरायचे आणि ते ओले असतानाच त्यावर कठीण, टोकदार बारीक खडी भरपूर उधळायची. घट्ट झाल्यावर न चिकटलेली खडी झाडून काढायची. दुसऱ्या हाताला दोन लिटर इपॉक्सी आणि पुन्हा खडी. एकूण जाडी सहा ते दहा मिलिमीटर. पॉलिएस्टरचे मिश्रण आधीच कालवून टाकले, तर ती २० ते २५ मिलिमीटरपर्यंत जाते. इपॉक्सीमुळे थर पाणीबंद होतो आणि खडीमुळे टायरला पकड मिळते.

खडीच्या बाबतीत मराठवाडा श्रीमंत आहे. इथला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, आणि बाहेरच्या देशांतही या थरासाठी बेसॉल्ट चालतो. मात्र क्रशरवरून ढीग उचलून आणला आणि टाकला, असे होत नाही. खडीवर धूळ असली तर इपॉक्सी धुळीला चिकटते, दगडाला नाही. ती धुऊन, पूर्ण वाळवून, बंद पिशव्यांतून आणावी लागते.

अमेरिकेत असे थर १९५० च्या दशकापासून वापरात आहेत आणि सुरुवातीचे बरेचसे सपशेल फसले. कारण तापमान. खडी मिसळल्यानंतरही हा थर उष्णतेने काँक्रीटच्या दुप्पट-तिप्पट प्रसरण पावतो. जुनी रेझिन ठिसूळ होती. थर आणि स्लॅब एकमेकांना ओढत राहिले आणि थर पापडासारखा सुटला. पुढे तुटण्याआधी ३० टक्के किंवा त्याहून अधिक ताणली जाणारी रेझिन आली. १९९५ मध्ये तिथल्या राज्य महामार्ग विभागांच्या ‘आश्टो’ या संघटनेने मार्गदर्शक तपशील प्रसिद्ध केले. आता चांगले काम झालेले थर पंधरा-वीस वर्षे टिकल्याची उदाहरणे आहेत.

खरी परीक्षा थर टाकण्याच्या आधी

फसलेल्या कामांत दोष रसायनाचा कमी आणि पृष्ठभागाचा जास्त निघतो. आधी डांबराचा जुना थर पूर्ण खरवडून काढावा लागतो. मग स्लॅबवरून लोखंडी साखळी ओढत नेतात किंवा हातोडीने ठोकत जातात. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजते. आतून सुटलेले असेल तर बद्द आवाज येतो, फुटक्या माठासारखा. तेवढा भाग फोडून, सळई साफ करून, नव्याने भरायचा. नव्या काँक्रीटलाही २८ दिवस द्यावे लागतात, कारण त्यातून ओल बाहेर पडत असते.

त्यानंतर शॉटब्लास्टिंग. पोलादी छर्रे वेगाने मारून वरची कमकुवत साय, तेलाचे डाग आणि माती काढली जाते. नुसत्या झाडूने किंवा पाण्याच्या फवाऱ्याने हे होत नाही. ओल तपासायची युक्ती मात्र कुणालाही करता येईल इतकी साधी आहे. साधारण ४५ सेंटीमीटर चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने स्लॅबवर लावायचा आणि किमान १६ तास ठेवायचा. उचलल्यावर खाली दव किंवा काळपट ओल दिसली, तर त्या दिवशी काम नाही.

शेवटी ओढ-चाचणी. थरावर पाच सेंटीमीटर व्यासाची लोखंडी चकती चिकटवून ती यंत्राने वर ओढतात. साधारण ३४० किलोच्या ओढीपर्यंत ती सुटू नये, अशी अमेरिकेतली अपेक्षा आहे. चकतीबरोबर खालच्या काँक्रीटचा तुकडा निघून आला, तर चिकटण्याचे काम उत्तम. थर कोरा सुटून आला, तर वरून तो कितीही सुबक दिसला तरी देयक अडवण्यासारखे कारण आहे. निविदेत ही चाचणी लिहिलेली आहे का, हे गावातल्या कुणीही विचारावे.

कुठे उपयोग नाही?

हा थर औषधाच्या नव्हे, लसीच्या जागी आहे. सळई आत गंजू लागलेली असेल, तर वरून पाणी बंद करून तो गंज नाहीसा होत नाही. पणजीतला मांडवीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याचे वय जेमतेम सोळा वर्षांच्या आसपास होते. आतल्या ताण दिलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजल्या होत्या. १९७३ मध्ये खुल्या झालेल्या ठाणे खाडीवरच्या पहिल्या पुलालाही तारांच्या गंजाने ग्रासले आणि शेजारी दुसरा पूल उभारावा लागला. अशा ठिकाणी स्लॅबवरच्या सेंटीमीटरभर थराने काही साधले नसते.

पुराने पायाखालची माती खरवडून नेली, दगडी खांब हलले, बेअरिंग अडकले, तरी हा थर निरुपयोगी. महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात वाहून गेलेला पूल ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा होता. तिथे प्रश्न स्लॅबचा नव्हताच. म्हणून आधी पुलाची तपासणी, त्यातही पाण्याखालच्या भागाची, आणि मगच थराचा विचार, असा क्रम लागतो. तपासणी कशी करावी आणि पूल कसे सावरावेत, यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ३५ आणि एसपी ४० ही पुस्तके आहेत.

पैशाचेही आहे. चौरस मीटरचा दर पाहिला, तर इपॉक्सी डांबरापेक्षा बरेच महाग पडते. गावालगतच्या चार मीटरच्या मोरीवर तो खर्च करण्यात अर्थ नाही. तिथे नळ्या मोकळ्या केल्या आणि कडेचे गवत उपटले तरी पुष्कळ साधते. जिथे पूल लांब आहे, पर्यायी रस्ता दूरचा आहे, स्लॅब अजून धडधाकट आहे आणि वजन वाढवायला वाव उरलेला नाही, तिथे हिशेब जुळू शकतो.

नांदेड-लातूरची अडचण : काम करायचे कधी?

मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर गेला, की स्लॅबचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास तापू शकतो. इपॉक्सी दहा अंश वाढले की ढोबळमानाने निम्म्या वेळात घट्ट होते. सकाळी अर्धा तास हाताशी असेल, तर दुपारी बादलीतच गोळा होतो. शिवाय इतक्या उष्णतेत काही रेझिन मऊ पडतात, त्यामुळे थंड देशांसाठी बनवलेला माल जसाच्या तसा आणून भागत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरही खातो.

उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने. हवा कोरडी, तापमान मानवणारे, थर तीन-चार तासांत ते रात्रभरात वाहतुकीला तयार. पण तोच साखर कारखान्यांचा गाळप हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रीही चालतात आणि कारखान्यावरची रांग सकाळपर्यंत हलत नाही. एक पदर बंद ठेवून अर्धा पूल एका रात्री आणि अर्धा दुसऱ्या रात्री, अशी कामे करता येतात. त्यासाठी बांधकाम विभाग, पोलीस आणि कारखान्याचे शेतकी कार्यालय यांनी उसाच्या गाड्यांचे वेळापत्रक हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास एकत्र बसून ठरवावे लागेल.