इमारतीतील नेटवर्क स्विचांची जोडणी

बहुमजली इमारतीत प्रत्येक मजल्यावरील संगणक तेथील रॅकमधल्या नेटवर्क स्विचला जोडलेले असतात. या रॅकना एकत्र जोडणाऱ्या केबलव्यवस्थेस बॅकबोन किंवा कणा म्हणतात.

तांब्याच्या केबलवरील इथरनेट जोडणीची कमाल लांबी साधारणतः १०० मीटर असते. जिना व छतामधून वळणे घेत जाणारी केबल ही मर्यादा सहज ओलांडते. नकाशावरील सरळ अंतर फसवे असते. म्हणून कण्यासाठी ऑप्टिकल फायबर श्रेयस्कर ठरते. ओएम३ फायबरवर १० गिगाबिट वेग ३०० मीटरपर्यंत मिळतो. शिवाय काचेचा तंतू वीजवाहक नसल्याने दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील फरकाचा उपद्रव होत नाही.

रॅक एकापुढे एक साखळीने जोडल्यास मधला स्विच बंद पडताच पुढील मजले तुटतात. त्यामुळे प्रत्येक रॅकपासून मुख्य रॅकपर्यंत स्वतंत्र केबल टाकली जाते. खबरदारी म्हणून दुसरी केबल जोडल्यास मात्र नवाच धोका उद्भवतो. इथरनेट फ्रेमला आयुर्मर्यादा नसते; सर्वांसाठी पाठवलेली फ्रेम वर्तुळात फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत संपूर्ण नेटवर्क ठप्प होते. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये रचलेली स्पॅनिंग ट्री पद्धती यावर उपाय ठरली. तीत स्विच परस्परांत संदेश देऊन जादा जोडणी राखीव ठेवतात व मुख्य जोडणी तुटल्यास ती सुरू करतात. मूळ पद्धतीत यास ३० ते ५० सेकंद लागत. स्वस्त स्विचांत ही सोय बहुधा नसते. तेथे कोणी सुट्या केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचली तरी हाच अनर्थ ओढवतो.