परतीच्या पाण्याची लाइन

प्रवरानगरला १९५०-५१च्या हंगामात सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हापासून आमच्या पाइपिंगच्या धंद्यात मान राहिला तो वाफेच्या मुख्य लाइनला. तिची ड्रॉइंग बाष्पके संचालनालयाकडे मंजुरीला जात, वेल्डरचा दाखला तपासला जाई. १९२३चा बॉयलर कायदा आणि १९५०ची नियमावली तिच्या पाठीशी होती. काम करून वाफेचं झालेलं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, मात्र उरल्यासुरल्या पाइपातून जायचं. कित्येक ठिकाणी थेट गटारात.

त्याचं कारण साधं होतं. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या निम्मी, कधी त्याहून जास्त वाफ खर्ची पडूनही बगॅस, म्हणजे उसाचा जाळायचा चोथा, शिल्लक राहायचा. आवारात जळणाचे ढीग पडलेले असताना गरम पाण्याची किंमत कोण करणार?

सहवीजनिर्मिती आली आणि हिशेब पालटला. बगॅसची वीज होऊन ती विकली जाऊ लागली. २१ किलो दाबाच्या बॉयलरच्या जागी ६७, ८७, पुढे ११० किलोचे बॉयलर बसले. त्यांना अत्यंत शुद्ध पाणी लागतं आणि तसं पाणी कारखान्यात आयतं मिळतं ते कंडेन्सेटमधूनच.

मग डिझाइनमधली जुनी चूक ठळक दिसू लागली. कंडेन्सेटचा पाइप पाण्याच्या हिशेबाने काढला जायचा. सात किलो दाबाचं कंडेन्सेट साधारण १७० अंशांवर असतं. स्टीम ट्रॅपमधून, म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी सोडणाऱ्या झडपेतून, ते उघड्या टाकीकडे जाणाऱ्या लाइनमध्ये शिरलं की त्यातल्या १३ टक्क्यांची लगेच पुन्हा वाफ होते. आकडा किरकोळ वाटतो. पण एक टन कंडेन्सेटमधून निघणारी ही वाफ दोनशे घनमीटरच्या वर जागा मागते आणि उरलेलं पाणी एक घनमीटरही भरत नाही. पाइप अरुंद असला की मागे दाब साचतो, ट्रॅप तुंबतो, हीटर थंड पडतो. ऑपरेटर बायपास उघडतो आणि लाइव्ह स्टीम वाया जाते. दोष ट्रॅपवर येतो. तो बदलूनही काही फरक पडत नाही. लाइन वाफेच्या हिशेबाने मोठी घेणं आणि प्रत्येक फाटा मुख्य पाइपला वरून जोडणं, हाच त्यावर उपाय.

दुसरा धडा शुद्धतेचा. इव्हॅपोरेटरच्या पहिल्या बॉडीचं पाणी बॉयलरला चालतं. पुढच्या बॉडींच्या पाण्यात रसाचे थेंब येण्याची भीती असते, म्हणून ते गिरणीवर इम्बिबिशनला, म्हणजे चोथ्यावर शिंपडायला, वळवतात. साखर बॉयलरमध्ये गेली तर तिचं आम्ल होऊन ट्यूब खाल्ल्या जातात. पूर्वी केमिस्ट परीक्षानळीत अल्फा नॅफ्थॉल आणि सल्फ्युरिक आम्ल घालून जांभळं कडं उमटतंय का ते बघायचा. तोवर पाणी पुढे गेलेलंही असायचं. आता कंडक्टिव्हिटी मीटरवरून व्हॉल्व्ह आपोआप फिरतो. माझ्या मते हा बदल मोठ्या बॉयलरइतकाच मोलाचा आहे.

चांगल्या कारखान्यांचा वाफेचा खर्च आज उसाच्या चाळीस टक्क्यांखाली आला आहे. तरीही कंडेन्सेट पाइपिंगपुढे नुसतं ‘गरजेप्रमाणे’ लिहिलेल्या निविदा अजून माझ्या पाहण्यात येतात. प्रत्येक ट्रॅपचा प्रवाह, त्याच्या पुढचा दाब आणि मागचा दाब तिथेच, करार होण्याआधी लिहिला गेला पाहिजे.